मैद्याचा बेगल आणि चक्कीची कणिक

विदर्भातल्या खेड्यांत मोबाइलवर पाहून बेगल (आधी पाण्यात उकळून मग भाजलेला, कड्याच्या आकाराचा पाव) करायला घेतलं, तर पहिली अडचण पिठाची. घरात मैदा क्वचितच असतो, डब्यात चक्कीवरून दळून आणलेली कणिक असते. ती वापरली की कडं दडस होतं. यात करणाऱ्याची चूक कमी आणि इतिहासाचा भाग जास्त, कारण बेगल मुळात पांढऱ्या पिठाचा पदार्थ आहे.

त्याचं मूळ पोलंडमध्ये. क्राकूवच्या राजदरबारातल्या १३९४ सालच्या हिशेबात ‘ओब्वाझानेक’ या कड्याची नोंद आहे. तेही आधी पाण्यात उकळून मग भाजतात. बेगलचा जुना उल्लेख याच शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० च्या नियमांत येतो. मूल झाल्यावरच्या समारंभांत खर्च किती करावा, याला आळा घालणारे ते नियम होते. (पाहुण्यांवरचा खर्च सगळीकडेच डोईजड!) १६८३ मध्ये व्हिएन्नाची लढाई जिंकणाऱ्या पोलिश राजाच्या सन्मानार्थ घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचा बेगल केला, ही गोष्ट त्यामुळेच टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या, कोंडा वेगळा काढणं सोपं झालं आणि पांढरं पीठ स्वस्त झालं. त्याच सुमारास पूर्व युरोपातले ज्यू न्यूयॉर्कला पोचले. तिथल्या बेगल कारागिरांची ‘लोकल ३३८’ ही संघटना इतकी घट्ट होती की बाहेरच्याला शिरकाव नव्हता. डॅनियल थॉम्पसनच्या बेगल वळणाऱ्या यंत्राने हे मोडलं. १९६३ मध्ये लेंडर्स बेकरीने ते भाड्याने घेतलं आणि हाताने वळण्याचं कसब मागे पडलं. कोंड्यासकटचा बेगल त्यानंतर, आरोग्याच्या नावाने रुजला.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने आली. वऱ्हाडात रोजची भाकर ज्वारीची. गहू सणावाराचा, पाहुण्यारावळ्यांचा. घरोघरी रोजची पोळी आली ती बरीच नंतर, रेशनचा गहू आणि हरितक्रांतीनंतर. आणि गहू म्हटला की कोंड्यासकटच. गव्हाचं खास जेवण म्हणजे रोडगे: जाडसर कणिक तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची, पदर घालून गोळे करायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस आहे. म्हणजे क्राकूवच्या त्या नियमांच्या आधीच आपल्याकडे रोडगा देवीला बोलला जात होता.

रोडग्याला फुगायचं नसतं, बेगलला थोडं तरी फुगावं लागतं. कोंड्याचे कण पिठातल्या चिकाचे (ग्लूटेनचे) धागे तोडतात आणि पाणीही जास्त पितात. मैद्याला किलोमागे साधारण साडेपाचशे मिली पाणी पुरतं. कणकेला साडेसहाशे-सातशे लागतं, आणि यीस्ट घालण्याआधी ती अर्धा तास भिजवून ठेवलेली बरी. काळ्या रानातला कोरडवाहू बन्सी गहू रोडग्याला, शेवयांना उत्तम. पण त्याचा चिक कडक, ताणला की तुटतो. बेगलसाठी लोकवन बरा.

उकळण्याची पायरी टाळू नये. उकळत्या पाण्यात वरच्या थरातला स्टार्च शिजून चिकट, चकचकीत होतो, त्यावर कोंड्याचे ठिपके उठून दिसतात. हा थर आधीच घट्ट झाल्याने बेगल भट्टीत फार फुगत नाही. कणकेचं कडं तसंही कमी फुगतं, म्हणून एका बाजूला अर्धा मिनिट पुरे. मॉन्ट्रियलला या पाण्यात मध घालतात, न्यूयॉर्कला माल्ट. आपल्याकडे गुळाचा खडा चालतो, रंग छान येतो.

भाजायला मात्र ओव्हनच लागतो. गोवऱ्यांच्या आराचा मोह होईल, पण पाण्यातून काढलेलं ओलं कडं त्यात घातलं की राख त्या चिकट थरात रुतून बसते आणि रोडग्यासारखी झटकून निघत नाही.