वळवाआधी बॅटरीला पाणी

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला लातूरकडं हवा एकदम पडते. लिंबाचं पानसुद्धा हलत नाही. मग क्षितिजावर काळं दिसायला लागतं, वावधान सुटतं आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट जाते.

वारा पावसाच्या पुढं का धावतो? तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा चढत जाऊन दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. आत पाऊस तयार झाला की थेंबांच्या बाष्पीभवनानं आजूबाजूची हवा गार, म्हणून जड होते. ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. तारेला तार लागते, फांदी पडते आणि फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाईन, जातो.

लाईट गेली की बोअरची मोटार बंद, म्हणजे पाणीही गेलं. टाकी सकाळीच भरून ठेवायची. दळणही आधीच आणायचं. गिरणी बंद पडल्यावर घरात पोतंभर ज्वारी असून भाकरी होत नाही, हे दरवर्षी कुणाच्या तरी घरी नव्यानं कळतं.

आता इन्व्हर्टर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. पण शिशाची बॅटरी पार रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून निम्मेच आपले धरा. त्यातले २० टक्के इन्व्हर्टरमध्येच जातात. उरले साधारण ७२०. ७५ वॅटचे दोन पंखे आणि ९ वॅटचे चार बल्ब लावले तर जेमतेम चार तास. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, असतील तर सात तासांच्या वर. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असं माझं मत आहे.

उन्हाळ्यात या बॅटरीतलं पाणी लवकर कमी होतं. एकदा डिस्टिल्ड पाण्याची बाटली संपली होती, म्हणून मी तांब्यानं बोअरचंच पाणी ओतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पंखा अर्ध्या तासात मंदावायला लागला. आमच्याकडं त्याच पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो. त्यातले क्षार, विशेषतः लोह आणि क्लोराइड, बॅटरीत जाऊन बसले की ती न वापरताही उतरते. आणि बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जागा हवेशीरच हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

विजेचा लोळ इन्व्हर्टरला जुमानत नाही. आभाळ वाजायला लागायच्या आत टीव्ही, फ्रिजचे प्लग काढून ठेवायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर असू द्या. झाडाखालची जनावरं आधी सोडा. वीज जमिनीतून पसरताना पुढच्या आणि मागच्या पायांत व्होल्टेजचा फरक पडतो, आणि बैलाच्या पायांतलं अंतर माणसापेक्षा जास्त असतं.

शेवटची वस्तू दुकानात शोधावी लागेल: जुना ६० वॅटचा, आत तार असलेला पिवळा बल्ब. वादळात न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. एलईडी बल्ब बऱ्याचदा हे लपवतो, पिवळा लपवत नाही. लाईट आली की आधी तोच लावा. डोळे दिपतील असा पांढराफटक पेटला तर मेन स्विच पाडा आणि लाईनमनला फोन करा. नेहमीसारखा पेटला तरी फ्रिजला पाच मिनिटं थांबवा.