एका धंद्याला एकच खुर्ची

एकमेकांना धंदा मिळवून देणाऱ्या उद्योजकांच्या गटात नवा सभासद घेताना वाद होतो तो बहुतेक वेळा धंद्याच्या नावावरून. इंटिरिअर डिझायनर आधीच आत आहे आणि मॉड्युलर किचन करणारा अर्ज घेऊन आलाय. हे दोन धंदे धरायचे की एक? सीए बसलेला असताना फक्त जीएसटीची रिटर्न भरणाऱ्या सल्लागाराला जागा द्यायची का? आयुर्विमा वेगळा आणि आरोग्यविमा वेगळा हे बऱ्याच ठिकाणी मान्य झालंय. पण केटरर आणि घरून मिठाई करणाऱ्या ताई एकाच गटात असल्या, तर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी कोणाच्या, हे मिटवता मिटवता समिती थकते. या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे: एका गटात एका धंद्याचा एकच माणूस. आपल्याकडच्या गटांना तो तयारच मिळाला, आणि गट कशासाठी असतो याविषयीची आपली समज त्याने फार अरुंद केली, असं माझं ठाम मत आहे.

नियम शिकागोचा. 23 फेब्रुवारी 1905 ला एक वकील, एक कोळसा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक एका कार्यालयात भेटले, आणि त्यातून रोटरी क्लब उभा राहिला. पुढच्या भेटी पाळीपाळीने एकमेकांच्या जागेवर होत गेल्या. प्रत्येक धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि आपली कामं शक्यतो आपल्याच माणसांना द्यायची, असा सुरुवातीचा सरळ हिशेब होता. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंदही ठेवली जाई. पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, सभासद होण्याचं आमंत्रण मिळालेल्या एका पेटंट वकिलाने आक्षेप घेतला. स्वतःच्या सभासदांपलीकडे ज्याला काही दिसत नाही, त्या क्लबाला भविष्य नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं ऐकलं गेलं. संस्था समाजसेवेकडे वळली आणि शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी झटली. धंद्याची देवाणघेवाण हळूहळू मागे पडली, पण एका धंद्याचा एकच हा नियम मात्र शिल्लक राहिला. त्या संस्थेने तो 2001 मध्ये सैल केला. तोवर 1985 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या दुसऱ्या एका जाळ्याने तोच नियम पुन्हा मूळ हेतूसाठी उचलला होता: आठवड्याला एक बैठक, भल्या सकाळी, आणि हातात रेफरन्सच्या, म्हणजे एकमेकांना गिऱ्हाईक सुचवणाऱ्या, चिठ्ठ्या.

मधल्या काळात एक वेगळी वाटही निघाली होती. 1957 मध्ये मिलवॉकीत एका उद्योजकाने कंपन्या चालवणाऱ्या काही जणांना टेबलाभोवती बसवलं, ते एकमेकांच्या अडचणी सोडवायला. तिथेही स्पर्धकाला प्रवेश नव्हता, पण कारण निराळं होतं. आपली बॅलन्सशीट समोर ठेवायची तर शेजारी प्रतिस्पर्धी नको. एकाच नियमाची ही दोन कारणं आहेत, गिऱ्हाईक वाटलं जाऊ नये आणि गुपित फुटू नये. आपल्याकडे ती दोन्ही एकात मिसळली.

मराठी उद्योजकांचा असा पहिला मोठा क्लब 2000 साली एका निवृत्त रेल्वे अभियंत्याने सुरू केला. त्याआधी व्यापारी मंडळं होती, बाजारपेठेतल्या भिश्या होत्या. भिशीच्या दिवशी पैशांइतकीच, कोणती पार्टी उधारी बुडवते याची खबर मोलाची असायची. तिथे एका गल्लीतले चार कापडवालेही एकत्र बसत. नव्या गटांनी मराठी माणसाला एक गोष्ट नक्की दिली. उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायची भीड गेली. ज्यांच्या घरात तीन पिढ्या नोकरीच झाली, त्यांच्यासाठी हे लहान नव्हतं. पण दर बैठकीत कोणी किती रुपयांचा धंदा दिला हे वाचून दाखवलं जाऊ लागलं की ज्याचे दोन महिन्यांचे पगार थकलेत तो गप्प बसतो. आपण बुडतोय असं कळलं तर पुढचा रेफरन्स येणार नाही, ही त्याची भीती खोटी नसते. अशा गटात मी सहा वर्षं बसलो. तेवढ्या काळात स्वतःचा तोटा आपणहून सांगणारे दोनच जण भेटले.

स्पर्धक एकत्र आले तर काय होतं, याचं उत्तर महाराष्ट्रात द्राक्षबागेत मिळतं. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे इथले बागायतदार गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून संघटित आहेत. सगळे एकाच मालाचे, बहुतेक एकाच बाजाराचे. तरीही चर्चासत्रं भरतात, शिवार फेऱ्या निघतात आणि एकाच्या बागेत पन्नास जण घडांची विरळणी बघत उभे राहतात. एप्रिलच्या खरड छाटणीला काय चुकलं, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डावणी रोग कुठे घुसला, हे बागवाला स्वतः सांगतो. 2010 मध्ये युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, तेव्हा हा प्रश्न एकाच्या बागेपुरता नव्हता. वेलीची वाढ रोखायला ते रसायन अनेक जण वापरत होते. कोणी कधी, किती मारलं हे एकमेकांना खरं सांगितल्याशिवाय पुढचा हंगाम सावरणं कठीण होतं. इंटिरिअरवाल्याला दुसऱ्या इंटिरिअरवाल्याकडून जे कळू शकतं ते विमावाल्याकडून कसं कळणार?

शहरी गटांना हे उमगलं ते 2020 मध्ये. 25 मार्चपासून टाळेबंदी लागली आणि रेफरन्स द्यायला धंदाच उरला नाही. चिठ्ठ्या थांबल्या, बोलणं सुरू झालं. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना स्थगिती दिली होती, पण व्याज चालूच होतं. ती घ्यावी की नको यावर रात्री अकरापर्यंत ऑनलाइन बैठका रंगत. मे महिन्यात सरकारी हमीवरचं जादा कर्ज जाहीर झालं, शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत. बँकेत नेमका कोणता कागद मागतात हे आधी जाऊन आलेल्याने बाकीच्यांना सांगितलं. जागेचं भाडं कमी करून घेण्यासाठी मालकाशी कसं बोलायचं, कामगाराला गावी पाठवताना काय द्यायचं, या गोष्टी पहिल्यांदाच उघड्यावर आल्या. पुष्कळ गटांत एकाच धंद्याच्या माणसांच्या वेगळ्या बैठका तेव्हा सुरू झाल्या, कारण हॉटेलवाल्याचं दुखणं हॉटेलवाल्यालाच कळत होतं.

खरी कसोटी 2024 च्या पहिल्या तीन महिन्यांत लागली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं, हे 2006 च्या कायद्यात होतंच. आयकर कायद्याच्या 43 ब कलमात नवं उपकलम आलं आणि मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येईना. आता ज्याची बिलं अडकलेली तो आणि ज्याने ती अडकवली तो, दोघं एकाच गटात, कधी एकाच टेबलावर होते. पुरवठादार खूश व्हायला हवा होता. पण मोठी पार्टी नोंदणी नसलेल्याकडे वळेल या धास्तीने काही जण सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली सरकारी उद्यम नोंदणीच रद्द करायला निघाले होते. ज्या गटांनी 2020 मध्ये तोटा बोलायची सवय लावून घेतली होती, तिथे दोन्ही बाजूंनी वह्या उघडल्या आणि 31 मार्चच्या आत कोणतं बिल आधी सोडायचं ते ठरवलं. बाकीच्या गटांत त्या तिमाहीतही किती रुपयांचा धंदा दिला तेच वाचून दाखवलं गेलं, आणि अडकलेल्या बिलाचा विषय पार्किंगमध्ये, गाडीत बसण्याआधी, दबक्या आवाजात निघाला.