ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी म्हणजे ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःच उभी केलेली आणि स्वतःच चालवलेली कायदेशीर मदतीची संस्था. पहिली १९७० साली सिडनीच्या रेडफर्न भागात निघाली, नंतर मेलबर्न, ॲलिस स्प्रिंग्ज वगैरे ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या आणि आज जवळपास सगळ्या राज्यांत आहेत.

रेडफर्न तेव्हा गरिबांची वस्ती, गावाकडून कामासाठी आलेली ॲबोरिजिनल कुटुंबं तिथे दाटीवाटीने राहायची. संध्याकाळी एम्प्रेस हॉटेलात, म्हणजे आपल्या भाषेत बारमध्ये, लोक जमायचे आणि बाहेर पोलिसांच्या गाड्या उभ्याच असायच्या, कर्फ्यू कुणी जाहीर केला नव्हता पण लावलेला होता. बाहेर पडेल त्याला उचलायचं, आणि कलमं ठरलेली: शिवीगाळ, अटकेला विरोध, पोलिसावर हल्ला. या तिकडीला तिथे आजही ‘ट्रायफेक्टा’ म्हणतात, घोड्यांच्या रेसमधला शब्द आहे, पहिल्या तीन घोड्यांवरची पैज.

पॉल को, गॅरी विल्यम्स, गॅरी फोली ही विशीतली पोरं. अमेरिकेत पोलिसांवर नजर ठेवणाऱ्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर्स संघटनेबद्दल वाचून त्यांनी सरळ वह्या घेतल्या आणि कोणती गाडी, किती वाजता, कुणाला उचललं हे लिहून काढायला लागले. (त्याच पँथर्सवरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, म्हणजे एकाच ठिणगीच्या या दोन शाखा.) पण नुसत्या नोंदी घेऊन कोर्टात काय होणार, वकील पाहिजे. मग ते न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या नव्या लॉ फॅकल्टीचे डीन हॅल वूटन यांच्याकडे गेले, ते पहिले अध्यक्ष झाले, फुकट केस लढणाऱ्या वकिलांची यादी तयार झाली आणि पुढे सरकारी पैसाही मिळाला. आधी वकिलाशिवाय उभा राहून गुन्हा कबूल करून मोकळा होणारा माणूस आता ‘मला मान्य नाही’ म्हणायला लागला, माझ्या मते खरा बदल हाच.

इथे वकिलाइतकाच महत्त्वाचा म्हणजे फील्ड ऑफिसर. तो त्याच समाजातला, कुणाची मावशी कुठे राहते हे त्याला माहीत, तारखेला माणसाला कोर्टात आणणं, जामिनासाठी राहायचा पत्ता शोधणं, मॅजिस्ट्रेट काय बोलले ते साध्या भाषेत सांगणं ही सगळी कामं त्याची. वकील बहुतेक गोरे होते पण कारभार समाजाच्या हातात, या मुद्द्यावर संस्था कायम आग्रही राहिली.

१९८७ ते १९९१ ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंवर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, त्यात वूटनही एक आयुक्त होते. ९९ मृत्यू तपासले, ३३९ शिफारशी दिल्या. निष्कर्ष असा की कोठडीत गेल्यावर ॲबोरिजिनल माणूस इतरांपेक्षा जास्त मरतो असं नाही, पण कोठडीत जातोच मुळात कितीतरी जास्त. त्यातल्या एका शिफारशीवरून न्यू साउथ वेल्समध्ये २००० साली कस्टडी नोटिफिकेशन सर्व्हिस आली: ॲबोरिजिनल माणसाला अटक केली की पोलिसांनी संस्थेला फोन करायचाच, रात्री तीन वाजले तरी. पलीकडचा वकील आधी विचारतो की बरा आहेस का, औषध चालू आहे का, घरी कुणाला कळवू का, आणि मग कायद्याचं सांगतो. २०१६ मध्ये याच राज्यातल्या मेटलंडच्या पोलीस कोठडीत एक ॲबोरिजिनल बाई मरण पावली, तिच्यासाठी फोन गेलाच नव्हता, कारण अटक नव्हे, फक्त दारू प्यायलेली म्हणून ठेवली होती आणि नियमात ते बसत नव्हतं. नंतर ती फट बुजवायला नियम वाढवला.

केस लढण्याला सरकारं सहसा हरकत घेत नाहीत, कायदा बदला म्हणणं मात्र त्यांना खुपतं. २०१३ मध्ये केंद्राने निधीत कपात जाहीर केली तेव्हा रोख नेमका कायदेसुधारणा आणि धोरणाच्या कामावर होता, बोंबाबोंब झाल्यावर २०१५ मध्ये बरीच कपात मागे घेतली. सध्याचा मोठा वाद म्हणजे कुठल्या वयापासून मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचं, त्या किमान वयाचा. दहा वर्षांच्या पोराला अटक नको म्हणून या संस्था वर्षानुवर्षं भांडतायत, उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाने २०२३ मध्ये ते वय १२ केलं, २०२४ मध्ये सरकार बदललं आणि परत १० वर आणलं.