इतिहास ऑप्शनल (नागरी सेवा परीक्षा) आणि नाशिक

इतिहास ऑप्शनल : यूपीएससीच्या नागरी सेवा मेन्सला उमेदवार स्वतः जो एक विषय निवडतो त्या यादीतला जुना आणि अभ्यासाला बराच मोठा विषय. दोन पेपर, प्रत्येकी २५० मार्क, म्हणजे मेन्सच्या १७५० पैकी ५००, आणि इंटरव्ह्यूचे २७५ धरले तर २०२५ पैकी ५००. पेपर एकमध्ये प्राचीन आणि मध्ययुगीन भारत, पार अठराव्या शतकापर्यंत, पेपर दोनमध्ये आधुनिक भारत आणि जगाचा इतिहास. आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे, त्यात पहिला आणि पाचवा सक्तीचा. एमपीएससीनं राज्यसेवा मेन्स २०२५ पासून अशीच वर्णनात्मक केली, त्यामुळे इतकी वर्षं बहुपर्यायी प्रश्नांच्या सवयीत वाढलेल्या नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये ऑप्शनल कुठला घेऊ ही चर्चा नव्यानं सुरू झाली.

सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. काही जण थेट १८५५ पर्यंत मागे जातात, कारण मेकॉले समितीच्या १८५४ च्या अहवालानंतर लंडनला आयसीएसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि इतिहास तिच्यात होताच, फक्त तो इंग्लंडचा. पण त्या परीक्षेत उमेदवार एकाच वेळी बरेच विषय घ्यायचा आणि सगळीकडून मार्क गोळा करायचा, त्यामुळे आजचा ऑप्शनल तिथं शोधणं जरा ओढूनताणून होतं. डी. एस. कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ पासून प्रिलिम, मेन्स, इंटरव्ह्यू अशी तीन टप्प्यांची रचना आली, सुरुवात तिथून धरणं जास्त पटतं. पुढे १९८९ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष सतीश चंद्र हे स्वतः मध्ययुगीन भारताचे नावाजलेले इतिहासकार, पण त्या समितीची आज आठवण निघते ती १९९३ पासून आलेल्या निबंधाच्या पेपरमुळे.

इतिहासाला एकेकाळी जी गर्दी असायची तिचं कारण बरंचसं रचनेत होतं. २०१० पर्यंत प्रिलिमलाही ऑप्शनल असायचा, तो ३०० मार्कांचा आणि जीएस (सामान्य अध्ययन) फक्त १५० चा, म्हणजे एकच इतिहास प्रिलिमला, मेन्सला आणि वर जीएसलाही कामी यायचा, मग कुठल्याही शाखेचा पोरगा तो घ्यायला तयार. २०११ ला सीसॅट (कलचाचणीचा पेपर) आली आणि प्रिलिममधला ऑप्शनल गेला, २०१३ ला मेन्समधला दुसरा ऑप्शनलही गेला (अरुण निगवेकर समितीनंतर), जीएसचे पेपर मात्र चार झाले. आता ऑप्शनल एकच उरल्यावर लोक छोट्या सिलॅबसकडे वळले, यात आश्चर्य काही नाही.

आता नाशिकचा मुद्दा. पेपर एकच्या सिलॅबसमध्ये पश्चिमी क्षत्रप आणि सातवाहन ही राजघराणी आहेत आणि त्यांचा मूळ पुरावा मुंबई-आग्रा रोडवरच्या पांडवलेणीत भिंतीवर कोरलेला आहे. लेणी २४. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, त्यात ४१, ४२, ४५ ही वर्षं येतात, आणि जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे तो ४६ व्या वर्षाचा. ही वर्षं कुठल्या गणनेतली यावर शंभर वर्षांहून जास्त वाद चाललाय. जुना गट, रॅप्सन आणि देवदत्त भांडारकर वगैरे, ती शक संवताची (सुरुवात इ. स. ७८) मानतो, म्हणजे नहपान साधारण इ. स. ११९ ते १२४ मध्ये येतो आणि त्याला हरवणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी त्याला लागूनच. दुसरा गट म्हणतो की ही नहपानाची स्वतःची राज्यवर्षं आहेत किंवा दुसऱ्या एखाद्या गणनेतली, आणि त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकात नेतो. पेरिप्लस या सागरी व्यापाराच्या जुन्या ग्रीक वर्णनात भडोचच्या बाजूच्या ज्या राजाचं नाव येतं तो नहपानच असं मानलं तर हे जुळतं, कारण पेरिप्लस साधारण पहिल्या शतकाच्या मधला धरतात. शिवाय कच्छमधल्या अंधौला चष्टन या दुसऱ्या क्षत्रप घराण्यातल्या राजाचा ११ व्या वर्षाचा लेख मिळाला, तो शक संवताचा धरला तर इ. स. ८९ येतं, मग चष्टन तेव्हाच राज्यावर असेल तर नहपानाला ११९ मध्ये बसवायचं कुठं हा प्रश्न उरतो. अलीकडचे नाणेतज्ज्ञ बहुतेक पहिल्या शतकाकडे झुकतात आणि तेच जास्त सयुक्तिक दिसतं, तरी परीक्षेच्या उत्तरात दोन्ही बाजू एकेका ओळीत देऊन मग कल सांगावा.

नाण्यांचा पुरावाही इथलाच. सिन्नर तालुक्यात गोदावरी-दारणा संगमाजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांच्या वर नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षाचा, त्यात मुलाला क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) निर्वंश करणारा म्हटलंय. आईनं मुलाच्या मागे लिहवलेली स्तुती म्हणून तो जपूनच वाचायचा, पण जोगलटेंभीचा साठा शेजारी ठेवला की निदान पराभवाची गोष्ट पक्की होते. प्रशस्ती एकीकडे, नाणी दुसरीकडे, आणि दोन्ही ताडून बघायची, या विषयाच्या उत्तरांना मार्क असतात ते बरेचसे यालाच. हे करायला कंटाळा येत असेल तर सिलॅबस कितीही आवडो, इतिहास घेऊ नये असं प्रस्तुत नोंदकाराला वाटतं. नाणी म्हणजे काय हे नीट समजून घ्यायचं तर त्र्यंबक रोडला आंजनेरीजवळ नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि म्युझियम आहे, क्लासवाल्यांच्या तोंडी तिचं नाव क्वचितच येतं.

उषवदाताच्या एका लेखात ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवल्याचा हिशेब आहे, २००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दरानं आणि १००० दुसरीकडे पाऊण दरानं, मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चिवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी). श्रेणी बँकेसारखं काम करायच्या हे वाक्य प्रत्येक नोट्समध्ये असतं, त्याच्या मागचा आकडा हा. ते गोवर्धन म्हणजे गंगापूर धरणाच्या वाटेवरचंच, जिथं आता मुक्त विद्यापीठ आहे आणि जिथून नोकरी सांभाळून बीए करणारी बरीच पोरं या परीक्षेकडे येतात.

पेपर एकचा पहिला प्रश्न नकाशाचा. २० ठिकाणं, प्रत्येकी अडीच मार्क, एकूण ५०. नकाशावर ठिपका आणि सोबत एक हिंट असते, ठिकाण ओळखून साधारण ३० शब्दांत टीप लिहायची. इथं पाठांतराला पर्याय नाही पण आपल्या भागातली ठिकाणं फुकटात पाठ होतात. प्रवरेकाठचं जोर्वे (संगमनेरजवळ), ज्याच्यावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं, प्रवरेवरचंच दायमाबाद, उत्तर हडप्पा काळाचे थर आणि १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या चार वस्तू, रथ, हत्ती, गेंडा, म्हैस, नेवासा, आणि खुद्द नाशिक, जिथं १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं.

पेपर दोनमध्ये नाशिक तुटक तुटक येतं. अभिनव भारत, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेनं केलेला कलेक्टर जॅक्सनचा वध (जॅक्सन हा आयसीएस आणि संस्कृतचा चांगला जाणकार होता, हेही लक्षात ठेवावं), २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. जगाच्या इतिहासात अर्थात स्थानिक मदत शून्य, आणि बहुतेकांची गाडी अडते ती तिथंच.

फायदा म्हणून नेहमी सांगतात तो जीएसशी ओव्हरलॅप. जीएस एकमध्ये संस्कृती, आधुनिक भारत आणि जगाचा इतिहास आहे त्यामुळे तो खरा आहे, पण त्याच पेपरात समाज आणि भूगोलही आहेत, आणि ऑप्शनलमधला निम्मा प्राचीन-मध्ययुगीन भाग जीएसला फारसा लागत नाही, म्हणून ओव्हरलॅपवर भिस्त ठेवून विषय घेणं जरा घाईचं. सक्सेस रेटचंही तसंच, आयोगाच्या वार्षिक अहवालात विषयवार किती बसले आणि किती शिफारस झाले याचा तक्ता येतो, पण कुठल्या विषयाला कोण बसतं हे त्यात दिसत नाही, डॉक्टरकी करून मेडिकल सायन्स घेणारा आणि सोपा म्हणतात म्हणून इतिहास घेणारा एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

मेन्स मराठीतून लिहिता येते. मार्च २०१३ च्या अधिसूचनेत प्रादेशिक माध्यमावर अटी घातल्या होत्या, संसदेत गदारोळ झाला आणि त्या मागे घेतल्या गेल्या. मराठीत महाराष्ट्राच्या इतिहासाचं साहित्य भरपूर आहे, मुघल आणि आधुनिक भारताचंही बरं आहे, जगाचा इतिहास आणि इतिहासकारांच्या मतांचे वाद मात्र बहुतेक इंग्रजीतूनच वाचावे लागतात आणि मग मराठीत लिहावे लागतात, यात जादा वेळ जातो तो आधीच हिशेबात धरावा. नाशिकला सरकारी पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला क्लासेस आहेत, पण ते मुख्यतः जीएसचे. निव्वळ इतिहासाच्या टेस्ट सिरीजसाठी लोक पुणे-दिल्लीच्या ऑनलाइन बॅच लावतात. जुनी पुस्तकं हवी असतील तर १८४० चं सार्वजनिक वाचनालय आहेच.