बिल्डिंग उभी, हॉस्पिटल बंद

हॉस्पिटलच्या बिल्डिंगची सेफ्टी म्हटलं की बहुतेक डॉक्टर-नर्सना वाटतं हे इंजिनियरचं काम, आपला काय संबंध. तर कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटलचं बघा. १९७१ च्या भूकंपात त्याची नवीकोरी बिल्डिंग इतकी मोडली की पाडावीच लागली, मग भक्कम बांधली, आणि १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ती ताठ उभी राहिली पण आतले पाण्याचे पाइप फुटले, मजल्यांवर पाणीच पाणी, शेवटी पेशंट बाहेर हलवावे लागले. तिथल्या यंत्रांनी जमिनीपाशी ०.९१ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीइतका हादरा) आणि गच्चीवर २.३१ जी एवढा हादरा नोंदवला. म्हणजे वर अडीच पट! बिल्डिंग स्वतःही डोलते, त्यामुळे खालचा हादरा वर जाताना वाढतो.

म्हणून स्टाफचं ट्रेनिंग हॉलमध्ये पीपीटी लावून उरकण्यात काही अर्थ नाही, आपापल्या वॉर्डातच फिरवायला हवं. सिलिंडर साखळीने बांधलाय का, औषधांचं कपाट भिंतीला पक्कं केलंय का, पेशंटच्या डोक्यावर काय टांगलंय, हे रोज तिथे वावरणाऱ्या सिस्टरला जितकं दिसतं तितकं वर्षातून एकदा येणाऱ्या इंजिनियरला दिसणार नाही.

आगीचं तर वेगळंच. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, आयसीयूत मास्कमधून गळती होऊन तो थोडा जरी वाढला तरी चादर, गादी भराभर पेटते. वॉर्डाच्या बाहेर भिंतीत ऑक्सिजनचा झोन व्हॉल्व्ह असतो, तो कुठेय आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचा हे नाइटच्या स्टाफलाही पाठ हवं, कारण तो फिरवला की त्या भागातल्या सगळ्यांचाच ऑक्सिजन थांबतो, म्हणजे ज्यांना लागतो त्यांना आधी सिलिंडरवर घ्यायला हवं.

आणि पेशंटना लगेच जिन्याने खाली न्यायचं नसतं, आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराच्या, पलीकडे. जिना शेवटचा उपाय. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोनमध्ये तळघरात पाणी शिरलं, बॅकअप वीजही गेली, तेव्हा नर्सनी तान्ह्या बाळांना हाताने श्वास देत नऊ मजले उतरवलं. व्हेंटिलेटरची बॅटरी संपल्यावर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कोण आणि किती वेळ दाबणार, ड्रिलमध्ये हे खरंच करून बघा, हात भरून येतात. आणि हो, ते फायर डोअर ये-जा सोपी व्हावी म्हणून स्टूल लावून उघडं ठेवलेलं असतं, ड्रिलला सुरुवात तिथूनच करा.