कॅथलिकांची एकगठ्ठा मतं खरंच असतात का?

अमेरिकेत प्रेसिडेंटची निवडणूक आली की एक चर्चा हमखास रंगते, यावेळी कॅथलिक मतं कुठे जाणार. प्रश्न फालतू अजिबात नाही, तिथल्या प्रौढांमध्ये साधारण पाचातला एक जण कॅथलिक आहे आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा अटीतटीच्या राज्यांत ते भरपूर आहेत. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीतच धरलेली असते, की ही मतं गठ्ठ्याने इकडून तिकडे जातात. राज्यशास्त्रातले लोक ऐंशीहून जास्त वर्षं हे मोजतायत आणि त्यांचं काम वाचून माझं तरी ठाम मत झालंय की कॅथलिक मतदाराला दोन्ही बाजूंनी ओढ असते, आणि ती ओढाताण समजल्याशिवाय त्याचं मत समजत नाही.

एकेकाळी बऱ्यापैकी गठ्ठा होता हे खरंय. आयर्लंड, इटली, पोलंडमधून आलेली ही माणसं शहरांत राहिली, कारखान्यांत लागली, युनियनमध्ये गेली, आणि डेमोक्रॅटिक पार्टीने त्यांना कामं दिली, तिकिटं दिली. समोर प्रोटेस्टंट बहुसंख्य, ज्यांना वाटायचं की हे लोक देशापेक्षा पोपचं जास्त ऐकतील. १९२८ साली अल स्मिथ हा पहिला कॅथलिक उमेदवार एका मोठ्या पार्टीकडून उभा राहिला तेव्हा याच संशयावर जोरदार प्रचार झाला आणि तो हरला. १९६० मध्ये केनेडीलासुद्धा ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पार्टीचा उमेदवार आहे जो कॅथलिकही आहे.

आता आकडे बघा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या हिशोबाने १९५६ ला कॅथलिकांची मतं जवळपास निम्मी-निम्मी होती, ५१ टक्के डेमोक्रॅट स्टीव्हन्सनला आणि ४९ टक्के रिपब्लिकन आयझेनहॉवरला. चारच वर्षांनी केनेडीला ७८ टक्के! चार वर्षांत कोणाचा धर्म बदलला नाही की पगार बदलला नाही, फक्त आपल्यातला एक माणूस उभा होता आणि त्याच्या धर्मावर शंका घेतली जात होती, म्हणून ओळख वर आली आणि बाकी सगळं मागे पडलं. आणि २००४ मध्ये जॉन केरी, तोही कॅथलिक, त्याला एक्झिट पोलमध्ये कॅथलिकांची ४७ टक्के मतं आणि मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथातल्या, बुशला ५२. म्हणजे नुसतं आपला माणूस असून भागत नाही, आपल्यावर कोणीतरी बोट ठेवतंय असं वाटणंही लागतं, आणि २००४ पर्यंत ते बरंचसं संपलं होतं. मधल्या काळात मुलं कॉलेजात गेली, उपनगरांत घरं झाली, प्रोटेस्टंटांशी लग्नं झाली.

ओढाताणीचा शोध लागला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४० साली पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोमधली एरी काउंटी निवडली आणि ६०० लोकांना मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठून विचारलं की मत कोणाला देणार, विचार बदलला का, कोणाशी बोललात, रेडिओवर काय ऐकलंत. तेव्हा एकाच माणसाला पुन्हा पुन्हा विचारणं ही नवीन गोष्ट होती. त्यांना वाटत होतं की प्रचाराने लोकांची मतं बदलताना दिसतील, पण बहुतेकांचं आधीच ठरलेलं निघालं आणि ते तीन साध्या गोष्टींवरून बऱ्यापैकी ओळखता यायचं: पैसा किती, गावात राहतो की शेतावर, आणि कॅथलिक की प्रोटेस्टंट. खरी मजा पुढे आहे, पैसेवाला कॅथलिक घेतला तर पैसा त्याला रिपब्लिकनकडे ओढायचा आणि चर्चमधली, घरातली, ओळखीतली माणसं डेमोक्रॅटकडे, आणि असे लोक निर्णय लांबणीवर टाकायचे, त्यांचा निवडणुकीतला रसच कमी व्हायचा. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे इतका ठळक दिसला नाही, पण मूळ कल्पना टिकली.

आज ही ओढ पैशापेक्षा खुद्द चर्चच्या शिकवणीतूनच येते असं मला वाटतं. चर्च गर्भपाताच्या विरोधात आहे, तिथे रिपब्लिकन जवळचे. पण तेच चर्च फाशीच्या विरोधात आहे, स्थलांतरितांना माणुसकीने वागवा म्हणतं, कामगारांचे हक्क तर १८९१ पासून पोपच्या पत्रांत आहेत, आणि तिथे डेमोक्रॅट जवळचे. शिकागोचे कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की हे सगळे जीवनाचेच प्रश्न आहेत, एकमेकांपासून तोडू नका. अख्खी शिकवण घेऊन उभी राहील अशी पार्टी मतपत्रिकेवर नसते. २००४ ला रोममधून कार्डिनल रात्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनी लिहिलं की उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे *म्हणूनच* त्याला मत देणं चूक, पण दुसऱ्या कारणांसाठी दिलं तर तितकीच वजनदार कारणं असतील तर चालू शकतं. आता वजन किती ते ठरवणार कोण, तर शेवटी मतदारच.

आणि मतदार ठरवताना चर्चइतकंच, कदाचित जास्तच, पार्टीचं ऐकतो. प्यू या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत अमेरिकन कॅथलिकांपैकी साधारण १० पैकी ६ जण म्हणतात की गर्भपात सगळ्या किंवा बहुतेक केसेसमध्ये कायदेशीर असावा, आणि त्यातही डेमोक्रॅट कॅथलिक आणि रिपब्लिकन कॅथलिक यांच्यात मोठी दरी आहे. एकाच धर्माची, तीच प्रार्थना म्हणणारी माणसं, पण उत्तर पार्टीप्रमाणे.

मग धर्मगुरूंच्या शब्दाला काहीच वजन नाही का? असतं, पण ते सिद्ध करणं अवघड, कारण ऐकणारे मुळातच तसे असू शकतात. यावर श्पेंकुख आणि टिलमान या दोन संशोधकांनी जर्मनीचा इतिहास वापरला. तिथे कोणता भाग कॅथलिक आणि कोणता प्रोटेस्टंट हे बरंचसं १५५५ च्या तहानंतर तिथल्या राजाच्या धर्मावरून ठरलं, म्हणजे पुढच्या मतदानाशी त्याचा थेट संबंध नाही. १९३२ मध्ये कॅथलिक भागांत नाझींना खूप कमी मतं पडली, तेव्हा बिशप, म्हणजे त्या त्या भागातले वरिष्ठ धर्मगुरू, उघड विरोध करत होते. पण जिथे गावातला धर्मगुरूच नाझींकडे झुकलेला होता तिथे हा फरक बराच कमी झाला. अमेरिकेत १९५४ च्या कायद्याने करमुक्त चर्चला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे बिशप मुद्दे सांगतात, नाव घेत नाहीत, आणि असा इशारा प्रत्येक जण आपल्या सोयीने ऐकतो.

एक सावधगिरीची गोष्ट. १००० लोकांच्या सर्वेक्षणात कॅथलिक २०० च्या आसपास येतात आणि २०० लोकांवरून काढलेला आकडा वरखाली ७ टक्क्यांपर्यंत सहज हलू शकतो. मोठ्या सर्वेक्षणांतसुद्धा घोळ होतो, २०२० ला एक्झिट पोल म्हणाला बायडन ५२ ट्रम्प ४७, आणि एपी या वृत्तसंस्थेच्या व्होटकास्ट नावाच्या मतदार सर्वेक्षणात ट्रम्प ५० बायडन ४९, म्हणजे कॅथलिक मतं कोणी जिंकली हेच वेगवेगळं. शिवाय त्या सरासरीच्या पोटात गोऱ्या कॅथलिकांचं बहुमत ट्रम्पकडे आणि हिस्पॅनिक (मूळ लॅटिन अमेरिकेकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या) कॅथलिकांचं बायडनकडे होतं. म्हणून २०२४ मध्ये व्होटकास्टने ट्रम्प ५४, हॅरिस ४४ दाखवलं तेव्हा मी आधी शोधलं की हिस्पॅनिक कॅथलिक किती सरकले, आणि ते बरेच सरकले होते.