घोड्यावरचं गाणं थेट नव्हतं

‘हॉलिवूडचे जुने गाणारे काउबॉय दौडत्या घोड्यावरून थेट गात, तेव्हा प्लेबॅक नव्हताच,’ असा फॉरवर्ड फिरतो. हे चित्रपट १९३५च्या सुमारास बहरले, तोवर प्लेबॅक रुळला होता. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होई. चित्रीकरणात ते लाउडस्पीकरवर लावून नायक ओठ हलवी. आवाज मात्र बहुधा त्याचाच, आपल्याकडच्यासारखा पार्श्वगायकाचा नव्हे.

पडताळायचं तर हेडफोन लावा. घोडा दुडकतोय, तरी सूर हलत नाही, धाप लागत नाही. कॅमेरा लांब गेला तरी आवाज तेवढाच जवळ. माळरानावर एकटा गिटारवाला, आणि ऐकू येतात व्हायोलिन नि अकॉर्डियन! डाव्या हाताची बोटंही पाहा: कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचा मेळ) बदलते, बोटं बऱ्याचदा तिथंच.